मापात खोट आहे हे कळल्यावर ख्रिस्ती माणसाने काय करावे?

प्रश्न: काट्यावर बसणारा, यवतमाळ जिल्हा

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. वय सव्वीस वर्षे. गावात ख्रिस्ती घरे फक्त नऊ आहेत आणि उपासना एका टिनाच्या खोलीत होते. दोन हंगामांपासून मी खेडा खरेदी करणाऱ्या, म्हणजे गावातच शेतकऱ्यांचा कापूस विकत घेणाऱ्या शेठकडे काट्यावर बसतो. शेतकऱ्याने आणलेले कापसाचे गाठोडे काट्यावर ठेवायचे, आकडा मोठ्याने वाचायचा, वहीत लिहायचा आणि चिठ्ठी फाडून द्यायची, एवढे माझे काम आहे.

गेल्या महिन्यात मी सरकारी दवाखान्यात गेलो होतो, तेव्हा तिथे माझे वजन ६१ किलो भरले. त्याच आठवड्यात सहज म्हणून आमच्या काट्यावर उभा राहिलो, तर त्याने ५९ दाखवले. मी मेटॅडोरच्या चालकाला विचारले. तो म्हणाला की काटा तसाच लावून घेतलेला आहे, सगळीकडे असेच चालते आणि तू नवीन आहेस म्हणून तुला वेगळे वाटते. शिवाय वरचे ग्रॅम सोडून द्यायचे, म्हणजे ४८ किलो ७०० ग्रॅम भरले तर ४८ लिहायचे, ही पद्धत मला पहिल्याच दिवशी शिकवण्यात आली होती आणि मी ती काहीही न विचारता दोन वर्षे पाळली आहे.

अडचण अशी आहे की हेच शेठ आमच्या घराला संकटात उपयोगी पडले. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी चाळीस हजार रुपये उचल दिली आणि त्यातले सव्वीस हजार अजून फिटायचे आहेत. आमच्या उपासनेच्या खोलीवरची टिनेही त्यांनीच दिलेली आहेत. मी तोंड उघडले तर माझे काम जाईल, उचल एकदम परत मागितली जाईल आणि कदाचित गावात असेही म्हटले जाईल की हे नऊ घरांचे लोक गावात भांडणे लावतात. आई म्हणते की गप्प राहा. मला मात्र झोप लागत नाही, कारण पवित्र शास्त्रातल्या लेवीय १९ मध्ये खरे काटे आणि खरी वजने बाळगण्याची आज्ञा आहे आणि तो अध्याय आमच्याच उपासनेत मीच वाचलेला आहे.

मी काय करावे? हे काम सोडून मुकाट्याने दुसरे धरले तर तेवढे पुरेसे होईल का, की बोललेच पाहिजे? धैर्य म्हणजे नेमके काय, हे मला खरोखर कळत नाही.

उत्तर: निवृत्त शिक्षिका, अचलपूर तालुका

बाळ, तुझा प्रश्न मी दोनदा वाचला, आणि उत्तर देण्याआधी माझी एक गोष्ट सांगणे मला भाग आहे, नाहीतर माझा उपदेश पोकळ ठरेल.

मी एका खेड्यातल्या शाळेत शिकवत असताना दुपारच्या खिचडीच्या नोंदवहीत जेवलेल्या मुलांची संख्या वाढवून लिहिली जात असे. वहीवर माझी सही असे. तीन वर्षे मी ती सही केली. दर रविवारी मी उपासनेला जात होते, लहान मुलांचा शब्बाथ शाळेचा वर्ग घेत होते, आणि सोमवारी सही करत होते. एके दिवशी गणिताच्या तासाला चौथीतल्या एका मुलीने बोट दाखवत वर्ग मोजला आणि विचारले, “बाई, आज आपण अडतीस आहोत, मग फळ्यावर उपस्थिती बावन्न का लिहिली?” त्या लेकराला मी उत्तर देऊ शकले नाही. मी कोणाविरुद्ध तक्रार केली नाही, सभेत उभी राहिले नाही. दुसऱ्या दिवशी मी फक्त फळ्यावर आणि वहीत खरी संख्या लिहिली. पुढची दीड वर्षे शाळेतल्या कोणीही माझ्याबरोबर डबा खाल्ला नाही, आणि ते दिवस मला फार जड गेले.

म्हणून मला निर्गमच्या पहिल्याच अध्यायातल्या त्या दोन सुइणी आठवतात. राजाने त्यांना इब्री मुलगे जन्मतःच मारण्याची आज्ञा दिली. त्यांनी राजवाड्यासमोर घोषणा दिल्या नाहीत, तर ज्या हातांनी ते काम करायचे होते ते हात त्यांनी आवरले. नैतिक धैर्य बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. गाठोडे काट्यावर ठेवून वहीत आकडा लिहिणारा हात तुझा आहे आणि त्याच्यावर शेठचा नव्हे, तुझा अधिकार आहे. वरचे ग्रॅम सोडून देणे तर तू उद्या सकाळीच थांबवू शकतोस, कारण त्यासाठी काटा बदलावा लागत नाही.

त्यानंतर शेठकडे एकटा जा. मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभूने सांगितलेली रीत हीच आहे की ज्याची चूक आहे त्याला आधी एकांतात भेटावे. आणि जाताना नाथान संदेष्ट्याचे स्मरण ठेव. दाविदासमोर उभे राहून त्याने आरोपांची यादी वाचली नाही, तर एका गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढरीची गोष्ट सांगितली आणि राजाच्याच तोंडून न्याय वदवून घेतला. तुझ्या शेठने तुझ्या वडिलांच्या आजारपणात पैसे दिले, म्हणजे त्यांच्या मनात दया आहे. त्या दयेशी बोल.

उत्तर: कोरडवाहू शेतकरी, वर्धा जिल्हा

बाईंचा मान राखून मी थोडे वेगळे मत मांडतो, कारण मी काट्याच्या दुसऱ्या बाजूला उभा राहणारा माणूस आहे. मत्तय अठरा हा अध्याय मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, भावाने आपल्याविरुद्ध अपराध केला तर काय करावे याविषयी आहे. इथे अपराध तुझ्याविरुद्ध झालेला नाही, तो माझ्यासारख्यांविरुद्ध झालेला आहे. तू शेठचे मन वळण्याची वाट पाहत बसलास, तर तेवढ्या आठवड्यांत आणखी किती गाड्या त्या काट्यावरून जातील याचा हिशेब कर.

तो हिशेब मी करून देतो. एखाद्याने वीस क्विंटल कापूस विकला आणि गाठोडे सरासरी पन्नास किलोचे धरले, तर चाळीस गाठोडी होतात. प्रत्येकात दीड किलो कमी दाखवले तर साठ किलो गेले. वरचे ग्रॅम सोडल्यामुळे गाठोड्यामागे सरासरी अर्धा किलो धरला तर आणखी वीस किलो गेले. ऐंशी किलोचे, गावातल्या सत्तर रुपयांच्या भावाने, ५,६०० रुपये होतात. डीएपी खताची चार पोती येतात त्यात. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे, म्हणजे गावात विकताना माणूस भावात एकदा नाडला जातो आणि मापात पुन्हा एकदा. तरीही तो गावातच विकतो, याचे कारण सरकारी खरेदीत ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो, बाराच्या वर गेला तर माल परत येतो, गाडीभाडे अंगावर पडते, आणि वेचणीच्या बायांना मजुरी तर आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी रोख द्यावी लागते. शेठ त्या नडीवर उभा आहे.

पण बोलण्याआधी खात्री करून घे, कारण अंगाच्या वजनावरून केलेला आरोप टिकणार नाही. डीएपीचे न फोडलेले पोते ५० किलोचे असते आणि युरियाचे ४५ किलोचे. दोन्ही काट्यावर ठेवून आकडे तारखेसह लिहून ठेव. मग काट्यावर वजनमापे खात्याची पडताळणीची मुद्रा आहे का ते पाहा. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे व्यापारात वापरला जाणारा इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासून मुद्रांकित करून घ्यावा लागतो. मुद्रा जुनी असेल किंवा नसेलच, तर शेठला “तुम्ही चोर आहात” असे म्हणण्याची गरज उरत नाही. “काट्याची तपासणी राहिली आहे, ती करून घेऊ” एवढे म्हणता येते, आणि ते खरेही असते.

आता मला स्वतःविषयी लिहायचे आहे, आणि हे लिहिताना मला लाज वाटते. माझ्या शेतात वेचणीला आठ-दहा बाया येतात आणि त्यांची मजुरी किलोवर ठरते. संध्याकाळी बांधावर त्यांचा कापूस मीच मोजतो. कित्येक वर्षे मी त्यांचे वरचे ग्रॅम सोडत आलो. बावीस किलो आठशे भरले तर बावीस. कापसात दव असते, कचरा असतो, असे मी मनाला सांगत असे. दोन वर्षांपूर्वी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचताना, शेतात राबणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ते ओरडणे परमेश्वराच्या कानी पोहोचले आहे, हे शब्द समोर आले. मी ते आधीही अनेकदा वाचले होते. पण त्या दिवशी सकाळी मी शेठच्या काट्यावरून परतलो होतो आणि तिथे माझ्या कापसाच्या मापात झालेली खोट मला चटका लावून गेली होती. तेव्हापासून मी वजन बायांपैकीच एकीला वाचायला लावतो आणि ग्रॅमसुद्धा लिहितो. हे सांगण्याचा हेतू एवढाच की शेठकडे जाशील तेव्हा आपण स्वच्छ आहोत आणि तो मळलेला आहे अशा भावनेने जाऊ नकोस. खोटे माप वरपासून खालपर्यंत पोहोचलेले आहे आणि आपण सगळे त्या साखळीत कुठे ना कुठे उभे आहोत.

उत्तर: शेजारी, तिवसा तालुका

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांपासून गुरुदेव सेवा मंडळाचे काम आहे आणि मोझरीचा गुरुकुंज आमच्यापासून जवळ आहे. तरीही लिहितो, कारण आपल्या प्रश्नातल्या एका वाक्याने मला अस्वस्थ केले, ते म्हणजे नऊ घरांविषयी गाव काय म्हणेल हे वाक्य.

दादा, मापात पाप करू नये हे तुमच्या पवित्र शास्त्रात आहे तसेच ते आमच्या भजनांतही आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी आणि गाडगेबाबांनी याच मातीत, याच शेतकऱ्यांसमोर आयुष्यभर ते सांगितले. म्हणून ही गोष्ट नऊ घरांची म्हणून मांडू नका. गावातल्या ज्या दोन-तीन माणसांच्या शब्दाला वजन आहे, मग ते भजनी मंडळातले असोत, बचत गटाच्या अध्यक्ष असोत किंवा एखादे निवृत्त गुरुजी असोत, त्यांना पोत्याच्या वजनाचे आकडे दाखवा. आपला देव लपवा असे मी म्हणत नाही. कोणी विचारले की हे धाडस कुठून आले, तर मोकळेपणाने सांगा. मात्र काटा सर्वांचा आहे, आणि त्याच्यासाठी उभे राहण्याचा अधिकार आणि जबाबदारी एकट्या आपल्यावर नाही.

गाडगेबाबा आणखी एक गोष्ट कळवळून सांगत असत, ती म्हणजे कर्ज काढू नका. ते का सांगत असत, हे आपल्या पत्रावरून मला नव्याने समजले. सव्वीस हजार रुपयांनी आपली जीभ बांधली गेली आहे.

उत्तर: पाळक, मेळघाट

शेवटच्या वाक्यापासूनच मी सुरुवात करतो, कारण आधीच्या तिन्ही उत्तरांत पुष्कळ शहाणपण असले तरी त्या सव्वीस हजारांचे काय करायचे हे कोणी सांगितलेले नाही.

आपण मंडळीत एस्तेर राणीची गोष्ट सांगतो तेव्हा ती एकटीच राजासमोर गेली यावर भर देतो. पण जाण्याआधी तिने आपला सांभाळ केलेल्या मर्दखयाला काय निरोप पाठवला ते चौथ्या अध्यायाच्या शेवटी पाहावे. शूशन शहरातल्या सगळ्या यहुद्यांना एकत्र करा, तीन दिवस माझ्यासाठी उपास करा, मी आणि माझ्या दासीही तसाच उपास करू, आणि मग मी आत जाईन. म्हणजे राजासमोर पाय एकटीचे गेले, पण भूक सगळ्या समाजाने सोसली. तुमच्या नऊ घरांनी नेमके हेच करायला हवे. हे शेठसमोर जाणे फक्त या तरुणाचे आहे असे मंडळीने धरले, तर ती मंडळी त्याला धैर्याचे पाठ देण्याचा अधिकार गमावते.

म्हणून माझी स्पष्ट सूचना अशी आहे. येत्या रविवारी वडील मंडळींना घरी बोलवा आणि सगळे सांगा. नऊ घरांनी मिळून उचल फेडण्याचा भार वाटून घेतला, तर घरटी तीन हजारांपेक्षाही कमी रक्कम येते. ती एकदम शक्य नसेल तर तुरीचे पैसे येईपर्यंत हप्ते बांधा. टिनांविषयीही मंडळीने विचार करावा. शेठने ती प्रेमाने दिली असतील आणि तसे असेल तर त्यांचे आभारच मानले पाहिजेत, परंतु त्या टिनांखाली बसून मंडळी नीतिसूत्रांचा अकरावा अध्याय, जिथे पहिल्याच ओळीत खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो असे म्हटले आहे, तो वाचायला कचरत असेल, तर ती टिने फार महाग पडली.

आणखी एक गोष्ट, जी मी तरुणांना नेहमी सांगतो. तुम्हाला वाटते की धैर्य एकतर असते किंवा नसते. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा यहुदी अधिकारी तीन वेळा येतो. तिसऱ्या अध्यायात तो रात्रीच्या अंधारात येतो. सातव्या अध्यायात तो आपल्याच सहकाऱ्यांसमोर फक्त एक प्रश्न विचारतो, की माणसाचे ऐकून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याचा न्याय करते का, आणि त्यावर त्याला टोमणा मिळतो. एकोणिसाव्या अध्यायात शिष्य पांगलेले असताना तो सुगंधी द्रव्यांचे मोठे ओझे घेऊन उघडपणे प्रभूच्या देहाजवळ जातो. तुम्ही आज रात्री या प्रश्नाच्या रूपाने आला आहात. त्यासाठी कोणीही तुम्हाला भित्रा म्हणू नये.

वर्ध्याच्या भावांशी मी एका बाबतीत सहमत आहे. शेठसाठी थांबायचे तर ते दिवसांनी मोजावे, महिन्यांनी नव्हे. आणि तोवर खोटा आकडा लिहू नये.

पुन्हा प्रश्नकर्ता: काट्यावर बसणारा, यवतमाळ जिल्हा

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. सर्वांचे मनापासून आभार मानतो.

डीएपीचे पोते ठेवले तेव्हा काट्याने ४८ किलो ४०० ग्रॅम दाखवले. दोन वेगवेगळ्या दिवशी ठेवले आणि दोन्ही वेळा तोच आकडा आला. मुद्रा २०२२ ची होती. त्याच दिवसापासून मी चिठ्ठीवर ग्रॅम लिहायला लागलो आणि पहिल्या दोन दिवसांत ते कोणाच्या लक्षात आले नाही.

रविवारी वडील मंडळी आमच्या घरी बसली. सहा घरे हप्ते वाटून घ्यायला तयार झाली, दोन घरांनी आम्हाला यात ओढू नका असे सांगितले. त्यांचा मला राग आला होता, पण त्यातल्या एका घरातली दोन माणसे शेठच्याच शेतावर सालाने आहेत हे आईने लक्षात आणून दिले. सोमवारी संध्याकाळी मी शेठकडे एकटा गेलो. नाथानासारखी गोष्ट रचणे मला जमले नाही. मी बाबांच्या ऑपरेशनचे पैसे आठवून आभार मानले, पोत्याचे आकडे लिहिलेला कागद पुढे ठेवला आणि काटा तपासून घेऊ असे म्हटले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले की तुला उद्यापासून काट्यावर यायची गरज नाही, गाडी भरायला यायचे असेल तर ये. उचलीविषयी ते काही बोलले नाहीत, तरी पहिला हप्ता मी तिथेच त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी तो मोजून घेतला.

मी गाडी भरायला जात नाही. सध्या हरभऱ्याच्या ओलिताला मजुरीने जातो. काट्यावर आता दुसरा मुलगा बसतो. भजनी मंडळातल्या एका काकांना आणि बचत गटाच्या ताईंना मी आकडे दाखवले आहेत आणि वजनमापे खात्याला अर्ज करायचा की आधी शेठशी पुन्हा बोलायचे यावर त्यांचा विचार चालू आहे. गावात नऊ घरांविषयी बोलले गेले का, तर हो, थोडे बोलले गेले. पण पानठेल्यावर ते बोलणाऱ्याला काकांनी सर्वांसमोर थांबवले असे मला नंतर कळले.

बाकी राहते ती माझी वही. दोन हंगामांतले माझ्या हातचे आकडे तिच्यात आहेत. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातल्या जक्कय या जकातदाराने चौपट परत करण्याचा शब्द दिला, तेवढे माझ्याने होणार नाही. काल मी आमच्याच वस्तीतल्या एका विधवा मावशींकडे गेलो आणि त्यांना सगळे सांगितले. त्या फार रागावल्या. दोन वर्षे माझ्या डोळ्यांत पाहून आकडा वाचलास ना, असे म्हणून त्यांनी दार लावून घेतले आणि मी परत आलो. आज सकाळी त्यांचा मुलगा आला आणि वही दाखव म्हणाला. उद्या संध्याकाळी मी ती घेऊन त्यांच्या ओसरीवर जाणार आहे. या हंगामातल्या त्यांच्या चार गाठोड्यांचे काट्यातले सहा किलो चारशे ग्रॅम आणि मी सोडलेले अंदाजे एक किलो सहाशे ग्रॅम मिळून आठ किलो होतात, म्हणजे ५६० रुपये, आणि ते मी ओलिताच्या मजुरीतून बाजूला काढून ठेवले आहेत.